यात्रेत कोणता खेळ चालेल?

माझ्या मामाइतका खेळांच्या धंद्याचा जाणकार अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि झाला असलाच तर मामाच्या धाकानं तो घराबाहेर पडला नसावा. यात्रेत लोक देवाच्या पाया पडत. मामा खेळांच्या पालांपुढे उभा राहून, वैद्यानं नाडी धरावी तसा, गर्दीकडे बघत भविष्य सांगे. जेवतानासुद्धा तेच. मिरची म्हणजे छर्‍याची बंदूक, कांदा म्हणजे रिंगा, भाकरी म्हणजे कॅरम असा सगळा बाजार ताटात मांडून तो बोलू लागला की राहुरीपर्यंतची आमटी निवत असे. "बंदूक फाट् झाली की खेळ खलास! रिंगा टाकायला वाकलं की फेटा सुटतो. कॅरमला दोघं समोरासमोर बसत्यात. मानूस बक्षिसासाठी खेळत न्हाई गं, समोरच्याचं तोंड बघायला खेळतो!" मामी म्हणे, "आधी जेवा. भाकरी थंड झाली, कॅरम मरू द्या."

दुष्काळ सरल्यावरची पहिली यात्रा मामाच्या सासरवाडीला भरली. तिथं मामानं कॅरमचं पाल टाकलं आणि वर पाटी लावली: 'जावई विरुद्ध मेहुणा'. यात्रेला गावोगावचे जावई येतात, हे त्यानं हेरलं होतं. मामीच्या भावानं मात्र साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मामासाठी नोकरी बघून ठेवली होती. "दाजी, ही थेरं आता पुरं. हे पाल चाललं न्हाई, तर उद्यापासनं काट्यावर."

दुपारपर्यंत पाल अगदी बसलं. रीतच आडवी आली! जावई रुसू नये म्हणून प्रत्येक मेहुणा मुद्दाम हरे. एकानं तर स्वतःच्या सोडून पाहुण्याच्याच सोंगट्या भोकात घातल्या. फुकटच्या विजयानं जावईही फुगून बसले. शेजारी बंदुकीवर झुंबड. मामीचा भाऊ मिशीत हसत आला.

मामानं त्यालाच समोर बसवलं. "पाव्हणं, मी हरलो तर आत्ताच काट्यावर जातो. जिंकलो तर नोकरीचं नाव काढायचं न्हाई."

या मेहुण्याला मात्र खरंच जिंकायचं होतं! पहिल्या फटक्याला पावडरीचा असा लोट उठला की लोकांना वाटलं कुठं तरी कडब्याची गंज पेटली. माणसं धावत आली आणि तिथंच थांबली. हगाम्यातले पंच कुस्ती अर्धी सोडून आले. चीत झालेला पैलवानही आला. मामी भावाकडे बघेना, नवऱ्याकडेही बघेना. शेवटी दोघांची एकेक सोंगटी उरली. मेहुण्याचा नेम हुकला. मामानं स्ट्रायकर मारला, सोंगटी कडेला टेकली, भोकाच्या तोंडाशी घुटमळली आणि आत पडली.

"हाणला!" मामी ओरडली, आणि सख्ख्या भावाकडे बघून तिनं जीभ चावली.

मग काय! सगळे जावई "खरं खेळा रं!" म्हणून मेहुण्यांना ओढत आणू लागले. बंदूकवाला स्वतःच रांगेत उभा राहिला.

पुढं कित्येक वर्षं मामानं तिथं पाल टाकलं आणि मेहुण्याशी पहिला डाव मांडला. मामा गेला त्या वर्षी मेहुण्यानंच बोर्ड काढला, पावडर टाकली. समोर कुणी बसू लागलं, तसा त्यानं हात आडवा धरला.

"थांब जरा. पहिला डाव दाजींचा हाय."