जवळा म्हणजे काय मासे?

माझ्या घरमालकीण काकी नसत्या तर मी आज वेंगुर्ल्यात नसते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना थोडी हसणार आहे. दुसऱ्याच्या पोटात इतकं लक्ष घालणारी बाई साऱ्या कोकणात दुसरी सापडायची नाही. आपण माणसं नावाने ओळखतो. काकी ओळखायच्या ते कोणाला काय सोसत नाही त्यावरून. वाडीतले निवृत्त मास्तर म्हणजे "तो चण्याच्या डाळीचो", समोरच्या वहिनी म्हणजे "ती फणसाची". संध्याकाळी त्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसायच्या आणि वाटेने जाणाऱ्याला "काय जेवलंस रे?" याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. नुसतं "आमटी-भात" म्हणून सुटका नाही. आमटी कसली, भात उकड्या तांदळाचा की दुसरा, वर ताक घेतलं की तसंच उठलास, सगळं सांगायचं. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी त्या मला सोबत घेऊन ओरोसला, जिल्ह्याच्या ऑफिसात, गेल्या. ऑफिसात गेलं की त्यांची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी व्हायची. खिडकीतल्या साहेबांकडे जरा वेळ निरखून पाहत त्या म्हणाल्या, "साहेब, आपल्या डोळ्यांखाली सूज दिसते. आपण रात्री झोपताना पापड खाता का?" साहेबांचा हात डोळ्यांखाली गेला. खात होते. मग दाखला राहिला बाजूला आणि शेजारचे दोघे कारकून आपापली पोटं घेऊन आमच्या खिडकीशी आले.

मी धाराशिवकडची. आई गेली आणि आठवीतच शाळा सुटली. पुढे वडील थोरल्या भावाकडे राहायला गेले, तिथे माझ्यासाठी कोपराही नव्हता. गावातल्या एकीच्या ओळखीने मी इथल्या काजूच्या कारखान्यात गर सोलायला आले आणि काकींच्या मागच्या खोलीत राहिले, जेवणासकट. महिनाभरात माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या. ओठ सुजायचे, पोटात कळा यायच्या. कारखान्यातल्या देखरेखीच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "काजूच सोसत नसेल तर तुला इथे ठेवता यायचं नाही, बाई. कारण शोधून ये." मी घाबरून गेले. परत जायला मला घरच नव्हतं. मी खोलीत रडत बसले, तर काकी दारात उभ्या. "रडान काय पित जाता? ऊठ. तुका कशान होता तां शोधून काढूया. आजपासून मासे बंद!"

बंद म्हणजे बंद. माझं भांडं वेगळं, त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली, ते वेगळ्या खुंटीला. शेजारणीने लाडू आणला तर काकी तो हातात घेऊन तिची उलटतपासणी करायच्या, "ह्यात काय घातलंस? खरां सांग." एका लग्नात त्या माझा डबा घेऊन गेल्या आणि आचाऱ्याला जाब विचारायला थेट चुलीपर्यंत पोचल्या. आचारी म्हणाला, "काकी, नवरी ही नाय, ती तिकडे बसलीहा." मासे गेले, मग त्यांनी अंडी काढली, दूध काढलं, शेंगदाणे काढले. माझ्या ताटात उरला भात आणि एखादी भाजी. तरी गांधी येतच होत्या. वर चक्करही यायला लागली.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, फार कमी निघालं. "सगळंच काढून टाकलंत तर ही जगणार कशावर?" त्या काकींवर जरा रागावल्याच. मग मला विचारलं, "रोज उठतात का गांधी?" मी आठवून म्हटलं, "रविवारी सुट्टीलाही उठतात. सोमवारी मात्र नाही." त्या हसल्या. "सोमवारी तर तू दिवसभर काजू हाताळतेस. मग काजू नव्हे, असं वाटतं. सोमवारी वेगळं काय असतं?" काकी इस्त्रीच्या भाषेत म्हणाल्या, "सोमवारी आमच्याकडे शिवराक असतं. म्हणजे पूर्ण शाकाहारी." डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "पण हिचे मासे तर रोजच बंद आहेत ना? मग फरक काय?" काकी विचारात पडल्या. दुधीची भाजी, वालीची भाजी, वांगं, असं बोटांवर मोजता मोजता इस्त्री मोडली आणि त्या म्हणाल्या, "सोमवारी भाजीत तेवढो जवळो घालूक नाय."

"जवळा? सुका जवळा? काकी, ती बारीक कोळंबीच की! जवळा म्हणजे मासेच झाले!"

"जवळो?" काकींनी अशा नजरेने पाहिलं, जणू बाईंच्या शिक्षणावरचाच त्यांचा विश्वास उडाला असावा. "तो काय मासो? तो मसालो!"

तपासणीत जवळाच निघाला. कोळंबीच्या जातीचं सगळं मला कायमचं बंद झालं आणि माझी नोकरी राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं एकेक पदार्थ परत आणायचा, एक पूर्ण सोसला की मगच दुसरा. अंडं सोसलं. दूध नाही, पण ताक चाललं. रक्तासाठी शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू, नाचणीची भाकरी, आणि जेवणावर लगेच चहा नाही. काकी समोर पाट टाकून बसायच्या आणि प्रत्येक घासाला माझ्या ओठांकडे बघायच्या. त्यांच्यासमोर जेवणं म्हणजे परीक्षाच. एक दिवस त्यांनी कुळथाची पिठी वाढली. पहिल्याच घासाला मला आईचा हात आठवला. आमच्याकडे कुळथालाच हुलगे म्हणतात. काकी दचकल्या, "काय गो, सोसणा नाय?" मी म्हटलं, "सोसतंय, काकी. फार सोसतंय."

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी जवळ्याची बरणी त्यांनी फणसाच्या वहिनींना देऊन टाकली होती. ज्या बाईच्या घशाखाली चिमूटभर जवळ्याशिवाय भात उतरत नसे, तिने. मी म्हटलं, "तुम्ही खा, मी तेवढा वेळ बाहेर बसते." तर म्हणाल्या, "मरांदे. तसो पण आता तो माझ्या दातांत अडाकता." अडकायला तोंडात दात होते कुठे?

यंदा काकींचे पाय सुजले. मूत्रपिंडं थकलीत, असं त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मीठ जवळजवळ बंद. नारळ कमी, डाळ मोजकी, भाज्या उकळून पाणी टाकून द्यायच्या, कुळीथ नको. आता चिंधीचं भांडं त्यांचं आणि पाटावर मी बसते. पहिल्या दिवशी त्या हसल्या होत्या, "माझीच विद्या माझ्यार चलयतंस?" हल्ली हसत नाहीत. दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. "चव लागणा नाय गो." मी लिंबू पिळते, जिऱ्याची फोडणी देते, बाईंना विचारून काय काय करून बघते. नाही खाल्लं तर त्या टिकायच्या नाहीत, आणि बाईंनी ठरवून दिलेलं सोडून दुसरं दिलं तरी नाही. परवा संध्याकाळी मास्तर वाटेने गेले. काकी खळ्यात होत्या, पण काय जेवलास ते त्यांनी विचारलं नाही. मास्तर पुढे जाऊन थांबले, मागे वळून त्यांनी आपणहून सांगितलं, "काकी, आज मुगाची आमटी." काकींनी नुसती मान हलवली.

काल फणसाच्या वहिनींकडे जवळा भाजत होते. वारा आमच्या दिशेने होता. काकींनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला. "वास येता गो." मग एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू भितुर जा. तुका सोसाचो नाय."

मी आत गेले आणि दाराला टेकून उभी राहिले. आज डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कधीतरी एक चिमूट चालेल का?" त्या म्हणाल्या, "आधी रिपोर्ट सुधारू देत, मग बघू." बघू म्हणाल्या, नाही म्हणाल्या नाहीत. काकी, तुम्ही तोवर एवढा बिनमिठाचा भात खा. बाई हो म्हणतील त्या दिवशी मी नाकातोंडाला ओढणी बांधून, अंगणात चूल मांडून, माझ्या हाताने तुम्हाला जवळा भाजून देईन.