चौथं मत

माझ्या चुलतभावाने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. पंचायतीच्या निवडणुकीत तिचं मत त्याने मारलं.

गोवा राज्य होऊन थोडाच काळ लोटला होता. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून लागलेला मी एव्हाना खनिजाच्या दोन ट्रकांचा मालक झालो होतो. बहीण चाळिशीची. तिची समज लहानपणापासून कमी; अक्षर येत नाही, आकडे दहाच्या पुढे चुकतात. पण तळीवर विसरलेला कपडा कोणाच्या घरचा, ते ती नुसता हातात घेऊन सांगते.

एका उमेदवाराशी मी सौदा केला होता: माझ्या गॅरेजसमोरच्या गटारावर ट्रक जाईल अशी मोरी बांधायची, घरातली चार मतं तुमची. चौथं तिचं. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "मी शिडयेर मारतलंय." शिडी दुसऱ्याच उमेदवाराची निशाणी; शिक्का तिच्यावर मारणार म्हणे.

"कित्याक गो?"

"तो माका इचारता. बाकीचे सगळे तुका इचारतत."

एरवी मी भडकलो असतो. पण मला नवल वाटलं. जुना ट्रक घेताना मी विकणाऱ्याची नजर बघून माणूस ओळखतो. हीसुद्धा तेच करते की काय? मी कागदावर पाच वेळा निशाण्या काढल्या, दर वेळी जागा बदलून. पाचही वेळा तिने शिडीवर बोट ठेवलं. मोरी गेली तर गेली, म्हटलं.

मतदानादिवशी माझा ट्रक पाळी गावात बंद पडला. गर्दीत ती घाबरते, म्हणून चुलतभावाला सोबत पाठवलं. फक्त दारापर्यंत जा, असं सांगायचं मला सुचलं नाही.

परतल्यावर ती जेवायला बसेना. "तेना माझो हात धरल्यान नि दुसऱ्या चित्रार मारल्यान."

मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "दादा, तिका काय समाजता? मत फुकट गेला असता. आनी मोरी तुकाच होई होती मां?"

मोरी मला हवी होती, हे खरंच होतं. सौद्याची गोष्ट मी बहिणीला सांगितली, तिची माफी मागितली.

पण नियमाने मतदाराबरोबर पडद्याआड सोबती जातो तो आंधळ्याबरोबर, नाहीतर लुळ्याबरोबर. तिचे डोळे धड, हातही धड. मग केंद्रावरच्या अधिकाऱ्याने त्याला आत सोडताना सोबत्यांच्या नोंदीच्या कागदावर तिच्या नावापुढे कारण म्हणून काय लिहिलं? मला तो शब्द हवा आहे. ज्याने लिहिला त्याने आमच्या घरी यावं, आणि चुलतभावाला शेजारी उभं करून तो तिला वाचून दाखवावा.