बोरूची पानं

बोरूला राग आला की त्याचं अक्षर आणखी सुबक व्हायचं. त्या आठवड्यात तर ओळी मोत्यांसारख्या उतरत होत्या, यावरून काय ते समजा!

वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकासाठी स्वरलिपीची प्रत हातानं उतरवून देणं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. त्यावरूनच लेखणीचं हे नाव पडलं. एका थोर कवीच्या जन्मशताब्दीसाठी संगीतकारानं पाच वॉल्ट्झ रचले होते, तीन-तीन मात्रांत गरगर फिरवणारे. पहिल्याच वॉल्ट्झच्या नकला चालू होत्या, तोच संगीतकाराकडून निरोप आला, "थांबा. यंदा प्रती यंत्रावर छापणार."

"छापा की! छापा आणि कवीच्या पुतळ्याला गुंडाळा!" बोरू भिंतीवर ओरडला.

दुखणं वेगळंच होतं. त्याची थोरली बहीण त्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. तिची नजर अधू झालेली. बोरू व्हायोलिनच्या सगळ्याच प्रती ठसठशीत लिहायचा, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. छापील मुंग्यांपुढे ती पहिल्याच तालमीत उघडी पडणार आणि खुर्ची जाणार.

"ताई, तू बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू? मला दिसत नाही म्हणून? गप्प बस, शहाण्या."

गप्प बसेल तो बोरू कसला! मूळ प्रत परत करण्याआधी पदरच्या कागदावर त्यानं पाचही वॉल्ट्झ सगळ्या वादकांसाठी उतरवले, गठ्ठा काखोटीला मारला आणि तालमीला मागच्या बाकावर जाऊन बसला, डोळे वटारून.

पहिला वॉल्ट्झ सुरू झाला. ताईनं पहिलं पान घरी घोकलेलं. पुढचं देवाला ठाऊक.

आता गंमत ऐका. व्हायोलिनवाले दोघांत एक प्रत ठेवतात. पान उलटायला एकाला वाजवणं सोडावं लागतं. म्हणून बोरू पान नेहमी विरामावर संपवायचा. यंत्राला कुठली अक्कल! ऐन गिरकीत पान संपलं. निम्मी व्हायोलिनं मुकी, दोन प्रती जमिनीवर, संगीतकार लालबुंद.

"हे काय चाललंय?"

"कवीचा सन्मान!" बोरू मागून गरजला.

संगीतकाराची नजर गठ्ठ्यावर गेली. आवाज एकदम खाली आला. "हातची प्रत आहे? द्या ना, बुवा."

"देतो. पण कार्यक्रमापर्यंत हीच पानं. आणि यंत्राचं नाव पुन्हा काढायचं नाही. बोला, सगळ्यांदेखत!"

संगीतकार बोलला. बोरूनं वादकांपुढच्या, प्रत ठेवायच्या प्रत्येक घोडीवर पानं आपटत वाटली. ताईपाशी आला, तरी आपटलीच.

ताईनं पानावरून बोट फिरवलं. "अक्षर नेहमीपेक्षा मोठं रे."

"राग मोठा होता," बोरू फणकारला आणि पुढच्या घोडीकडे गेला.