चार हात लांब
पुंजाराम शेळक्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळला, पण यंत्राला ते कधी घाबरले नाहीत. आता सदुसष्टाव्या वर्षी एका चालायच्या पट्ट्यानं त्यांची झोप उडवली. छातीत चमक येते म्हणून दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी हृदयाची न्यूक्लियर स्ट्रेस टेस्ट लिहून दिली. पट्ट्यावर दम निघेपर्यंत चालवायचं, शिरेतून किरणोत्सारी औषध टोचायचं आणि मग कॅमेऱ्याखाली झोपवून हृदयाला रक्त कुठं पोचतंय, कुठं नाही ते बघायचं. डॉक्टरांनी हे हसत हसत सांगितलं. त्यांचं काय जातंय!

जन्मभर कोळसा जाळला आणि म्हातारपणी अंगात अणू भरून घ्यायचे, हे पुंजारामांना काही पटेना. त्यातून भार टाकून बघणं म्हणजे काय, ते त्यांना नको तितकं ठाऊक होतं. दुरुस्तीनंतर वीजनिर्मितीचा संच पूर्ण भारावर चालवायचा तो काय निकामी होतंय ते कळावं म्हणूनच. कधी कधी व्हायचंही निकामी. पण तिथं बंद करायचं बटण दाबायला शेजारी चार माणसं उभी असायची.

खरी भीती मात्र हॉस्पिटलच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत होती: सोबत एक नातेवाईक आणावा. पुंजारामांना मूलबाळ नव्हतं. रंगूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. राहता राहिला येवल्याकडचा पुतण्या, कारभारी. त्याला फोन केला.

"काका, लय अडचण हे. कांदा काढायला घेतलाय, मजूर आज हे तर उद्या नाय," कारभारी म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नाय का जमायचं?"

पुंजारामांनी हॉस्पिटलला विचारलं. ते औषध ज्या त्या पेशंटच्या नावानं मुंबईहून येतं, म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा जोर ओसरतो. तारीख हलवता येत नाही. आपल्या नावानं कुठून तरी काही येतंय, हे ऐकून पुंजारामांना उगाच बरं वाटलं. कारभारीला त्यांनी सांगून टाकलं, "येऊ नको, एवढं काय नाय त्यात."

टेस्टसाठी आदल्या दिवसापासून चहा बंद होता. बुधवारी सकाळी उपाशीपोटी, ठणकतं डोकं घेऊन ते एकटेच रिक्षात बसले. काउंटरवरच्या रोशनी नावाच्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवला. "सोबत कोण आहे, बाबा?"

"येतायत मागनं," पुंजाराम म्हणाले.

फॉर्मवर नातेवाइकाचं नाव, नंबर, नातं अशा तीन जागा होत्या. त्यांनी मोबाइल वरखाली चाळला. गॅसवाला, मेडिकल, पेन्शनचं ऑफिस, कारभारी. कारभारी तर रानात. मग एक नंबर दिसला. समोरच्या फ्लॅटमधल्या भाग्यश्रीनं दोन वर्षांपूर्वी, पाण्याचा पंप चालू राहिला तर कळवा म्हणून, चिठ्ठीवर लिहून दारात अडकवलेला. त्यांनी तो जपून ठेवला होता, पण पंप कधी चालू राहिला नाही. त्यांनी भाग्यश्रीचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. नात्याच्या जागेवर पेन थांबलं. मग त्यांनी 'सून' लिहिलं आणि कुणी वाचायच्या आत फॉर्म उलटा करून दिला.

छातीला तारा चिकटवून त्यांना पट्ट्यावर उभं केलं. पट्टा आधी सपाट होता, मग चढाचा झाला, मग चढ आणि वेग दोन्ही वाढले. सिस्टरनं हातातल्या सुईतून औषध सोडलं. पुंजाराम मनात म्हणत होते, आपण इथं आडवे झालो तर हे लोक त्या पोरीला फोन लावतील, आणि ती विचारेल, कोण पुंजाराम? त्या विचारानंच ते पडले नाहीत. कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन निपचित पडले, तेव्हाही डोक्यात तेच होतं.

निघताना सिस्टरनं फॉर्म बघितला. "रिपोर्ट शुक्रवारी. घरात लहान मूल, गरोदर बाई कोणी आहे का?"

"सूनच हाय," पुंजाराम म्हणाले. "सातवा चाललाय."

"अरे वा. मग उद्यापर्यंत तिच्यापासून चार हात लांब राहा. शेजारी बसायचं नाही. एकच दिवस."

पुंजारामांनी मान डोलावली. त्या बाईला काय कल्पना, तिनं त्यांच्या हाती केवढं काम दिलं होतं! जेलरोडला घरी पोचेपर्यंत ते रिक्षात वाक्यं जुळवत होते. आधी पथ्याचं सांगायचं. मग नंबर दिल्याचं. आणि मग, ती हसली तर, 'सून' लिहिल्याचंही. सकाळचा धसका कुठल्या कुठे गेला होता. शुक्रवारी रिपोर्टला जायचं तर तिच्या नवऱ्याला, राजला, विचारून बघावं, इथपर्यंत गडी पोचला होता.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी समोरची बेल वाजवली आणि लगबगीनं मागं येऊन आपल्या दाराला पाठ लावून उभे राहिले. भाग्यश्रीनं दार उघडलं. एक हात कमरेवर, जरा दमलेली.

"पुढं येऊ नका," पुंजाराम म्हणाले. "माझी हृदयाची टेस्ट झाली आज. अंगात किरणांचं औषध हाय. तुमच्यासारखीनं उद्यापर्यंत माझ्याजवळ यायचं नाय, असं सांगितलंय. म्हणून म्हटलं, आधी सांगून ठेवावं."

तिनं नीट ऐकून घेतलं. मुलगी चांगली होती. त्यांना धीर यावा म्हणून ती हसली.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, काका. तसंही आपण एकमेकांकडे येतो-जातो कुठे?"

"हो, तेही खरंच हाय," पुंजाराम म्हणाले.

"बरं, अजून काही होतं का?"

"नाय. एवढंच."