तळाशी मूठभर

आयुष्यात पहिल्यांदाच मला असा वाचक मिळाला होता, जो माझं लिखाण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार होता. वाचून तसंच्या तसं वागणारही होता. फक्त तो माणूस नव्हता.

पुण्यात मी मिक्सर, पंप असल्या वस्तूंची माहितीपुस्तकं लिहायचे. ती कुणी वाचत नाही. बाबांनी तर माझ्या पंपाच्या पुस्तकाची पानं फाडून त्यात भाजलेल्या काजूंच्या पुड्या बांधल्या होत्या. त्यामुळे धामापूरला घरी आलेली असताना हे काम चालून आलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरेनात.

लोक आपली डिजिटल नाणी एका सामाईक साठ्यात ठेवतात, दुसरे तिथून कर्ज घेतात आणि ठेवणाऱ्याला व्याज मिळतं. ती ठेव परत काढण्याचं साधन एका कंपनीनं बनवलं होतं. ते वापरणार होता एआय एजंट, म्हणजे मालकाचं म्हणणं वाचून आपणच काम उरकणारा प्रोग्राम. साधन कसं वापरायचं, हे त्याला उदाहरणं देऊन मी लिहून द्यायचं. चाचणीत एजंट पास झाला तर पुढच्या साधनांचं लिखाणही माझ्याकडे, तेही घरी बसून. नाही तर परत पुणं आणि तिथली भाड्याची खोली. मला पुण्याला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

आईचा मात्र या कामावर काडीचा विश्वास नव्हता. "कधी जातलंस गो?" हे ती दिवसाआड विचारायची. बाबा गिरणीवर भात न्यायला निघाले की अर्धीच गोण बांधायला लावायची. "ह्या पोर गेला की आमका दोघांक कितीशे तांदूळ लागतत?" असा तिचा हिशोब.

मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीपाशी बसून लिहायचे, कारण रेंज तिथंच. आणि काय सुटले होते मी! कुठलं नाणं, किती काढायचं, कुठे पाठवायचं, साठ्यातच पुरेसं नसेल तर काय करायचं, सगळं लिहिलं. एखादं वाक्य घोटाळ्याचं वाटलं की तोडून दोन करायचे. कुणीतरी ते खरंच वाचणार आहे, या कल्पनेनंच मला जेवण सुचत नव्हतं.

पहिली चाचणी झाली आणि घोडं पेंड खायला लागलं. 'माझी सगळी ठेव काढ,' असं मालकानं सांगितलं की एजंट ठेव काढायचा, पण थोडीशी मागे सोडायचा. कितीही वेळा सांगा, थोडी उरायचीच. कंपनीतली माझ्याशी बोलणारी बाई वैतागली. त्यांनी साधन खोलून पाहिलं, त्यात खोट सापडेना. "आज चारला शेवटची चाचणी घेऊ. नाही जमलं तर इथंच थांबू," ती म्हणाली.

मी सुन्न होऊन बसले होते, तेवढ्यात आईनं हाक मारली. "गो, पिंपातले तांदूळ काढ आनि तांदूळ निवडूक घे."

पिंपात तांदूळ थोडेच होते. मी काढत गेले आणि तळाशी मूठभर राहिले, तिथं माझा हात आपोआप थांबला. आमच्याकडे पिंपाचा तळ कधी दिसू देत नाहीत. लहानपणी एकदा मी तळ खरवडला होता, तर आईनं हातावर चापट मारली होती. मूठभर ठेवायचेच, नवे तांदूळ त्यांच्यावर पडायचे.

मी सूप तिथंच टाकून खळ्यात धावले. माझी उदाहरणं उघडली. शंभर नाण्यांतून नव्वद काढ. पन्नासातून पंचेचाळीस काढ. एकाही उदाहरणात मी सगळं काढलंच नव्हतं! एजंट बिचारा माझ्या उदाहरणांवरूनच शिकला होता. आमचं स्वयंपाकघर न बघता त्यानं आमच्या घरची रीत उचलली होती. मला रडावं की नाचावं कळेना, मी नाचले.

मग त्या बाईला फोन करून तांदळाचं सगळं सांगितलं. "आमच्या आजोळी पण असंच करायचे," ती म्हणाली. "दुरुस्त करा. चाचणी चारलाच."

मी नवी उदाहरणं लिहिली. व्याज क्षणाक्षणाला चढतं, म्हणून सगळं काढायचं तर आकडा द्यायचा नाही, 'असेल तेवढं सगळं' असंच सांगायचं. आणि खाली आणखी एक: त्या ठेवीवर मालकानं कर्ज काढलेलं असेल, तर ठेव हेच तारण असतं. तिथं मात्र तळ दिसू द्यायचा नाही.

चारला पडद्यावर बघत बसले. पहिल्या खात्यातून एजंटनं सगळी ठेव काढली, बाकी शून्य. दुसऱ्या खात्यावर कर्ज होतं. तिथं तो थांबला आणि मालकाला लिहिलं, 'या ठेवीवर कर्ज आहे. सगळी रक्कम काढता येणार नाही. किती काढू?' माझा जीव भांड्यात पडला. बाई फोनवर म्हणाली, "पुढचं साधन ठेव ठेवण्याचं आहे. लिहाल?" तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले.

मी स्वयंपाकघरात पळत गेले. "आये, माका काम गावला. आता पुण्याक जावचा नाय."

"ठेव काढूचा झाला मा?" तिनं विचारलं. "आता काय?"

"आता घालूचा."

"ता बरा," ती म्हणाली आणि सूप उचलून मी टाकलेले तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं, झालं एवढंच.

बाबा पडवीत गिरणीसाठी गोण बांधत होते. आईनं मान न वळवता आतूनच त्यांना हाक दिली, "आयकलात? ह्या येळेक दोन गोणी न्हेवा."