कणीक लावलेला डबा

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा माझी गाडी त्याच्याकडेच होती. सख्खा धाकटा भाऊ गेला, आणि त्याच्याकडे धावत जायचं तर गाडी त्यानेच अडकवून ठेवलेली! त्याची बायको संगीता फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, तुमी लगेच या... यांना शेडवरनं दवाखान्यात नेलं, पण..." पुढचं तिला बोलवेना आणि मला विचारवेना. शाळेतून तशीच निघाले आणि खालापूरच्या नाक्यावर रिक्षा भरायची वाट बघत उभी राहिले. सगळी सीटं भरल्याशिवाय रिक्षावाला हलायला तयार नव्हता. खोपोलीला उतरले, तिथे पुन्हा तोच प्रकार. पळसदरीला नंदूच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अख्ख्या वाटेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. नंतर बायका म्हणाल्या, ताई किती खंबीर. खंबीर कसली, मी संतापले होते. गाडीवरून, त्या डब्यावरून, आणि डॉक्टरांनी बजावूनही पनवेलला छातीची तपासणी करायला न गेलेल्या या माणसावर. आता काही आठवडे उलटलेत. राग उतरलेला नाही.

नंदूची दहिवलीला पत्र्याची शेड होती. तिथे तो फायबरचं काम करायचा. फार्महाऊसवाल्यांना खोटे दगड, खोटे धबधबे, बागेत बसायला लाल ठिपक्यांच्या भूछत्र्या, पोरांच्या घसरगुंडीला हत्तीची सोंड. कर्जतला खऱ्या दगडांचा काय दुष्काळ पडलाय? पण मुंबईच्या माणसाला बागेत दगड हवा असतो आणि तो हलका हवा असतो. नंदू तो करून द्यायचा, आणि असा करायचा की सरडे त्यावर ऊन खायला येऊन बसायचे. फक्त वेळेवर द्यायचा नाही. कधीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "झालंच समज, ताई. आता फकस्त घासायचं राह्यलंय." त्याच्या लग्नात नवरदेवाला मांडवात आणायला मी गेले, तर हा शेडमध्ये कुणाचा तरी हत्ती घासत बसला होता. हळदीच्या अंगावर पांढरी भुकटी.

डब्याचं कळायचं तर आधी अण्णांचं सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे वडील. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. ती नसेल तर ते तोंड नुसतं ठप्प वाजतं, घुमत नाही. ही कणीक मळायचं काम घरात माझं. सैल चालायची नाही, घट्टही चालायची नाही. अण्णा गोळा बोटाने दाबून बघायचे आणि काही न बोलता घ्यायचे. न बोलणं म्हणजे शाबासकी. मी आणि नंदू देवळात त्यांच्या मांडीला डोकं लावून झोपायचो. टाळांचा गलका कानात जायचा, पण अण्णांचा डावा हात पडला की तो आवाज कानात नाही, बरगड्यांत उतरायचा. धुम... त्या आवाजात आम्हाला गाढ झोप लागायची. एरवी हा माणूस आमच्याशी बोलायचा म्हणजे 'जेवलात का' आणि 'दिवा मालवा' एवढंच. माया म्हणून जे काही त्यांच्याकडे होतं ते त्या डाव्या हातात होतं, असं मला अजून वाटतं.

भजन संपलं की अण्णा कणकेचा कण न् कण खरवडून काढायचे. म्हणायचे, "कनीक राह्यली की उंदीर आलाच." आणि झालंही तसंच. एका एकादशीला भजनाहून आले आणि दारातच कोसळले. अर्धांगवायूने डावी बाजू गेली. त्या गडबडीत पखवाज कोण बघतो? कणीक त्यावरच वाळली आणि उंदरांनी कातडं कुरतडलं. नंदूने पुढे ते कातड्याचं पान बदलून आणलं. पण पान बदललं, हात कुठून आणणार? अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. डावा हात मांडीवर ठेवून, कुणा पाहुण्याने ठेवायला दिल्यासारखा.

अण्णा गेल्यावर माळ्यावर एक कॅसेट सापडली. मंडळातल्या कोणीतरी देवळात टेपरेकॉर्डर लावून भजन भरून ठेवलं होतं. नंदूने कर्जतच्या एका स्टुडिओतून ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि माझ्या गाडीत लावलं. टाळ होते, पेटी होती, म्हाताऱ्यांचे खणखणीत गळे होते. पखवाजाचा उजवा हात लख्ख ऐकू येत होता. डावा नव्हता. मी लगेच म्हटलं, "नंदू, जुना टेप. टाळांच्या पुढ्यात ठेवलेला असणार. तो आवाज त्यात आलेलाच नाही."

"आवाज हाय गं. तुज्या गाडीच्या स्पीकरातनं बाहेर येत नाय, एवडंच."

इथून सगळं सुरू झालं. खोल आवाजाला सबवूफर लागतो, म्हणजे ताटाएवढा स्पीकर. त्याला नेमक्या मापाचा बंद डबा लागतो. तयार लाकडी डबा बाजारात मिळतो, पण तो घेईल तो नंदू कसला! तो म्हणाला, लाकडी खोका डिकीत ठेवला की निम्मी डिकी गेली. आपण फायबरचा करू, चाकाच्या मागच्या कोपऱ्यात बसणारा. तुझं सामान जसंच्या तसं मावेल. मी हो म्हटलं. माझी डिकी, माझी परवानगी. पुढे वर्षभर ती डिकी मला नीट दिसली नाही.

पद्धत अशी की डिकीचा कोपराच साचा म्हणून वापरायचा. आतल्या पत्र्याला चिकटपट्टीचे थर लावायचे, त्यावर मेण, त्यावर फायबरची जाळी आणि रेझिन. सुकलं की कोपऱ्याच्याच आकाराचं कवच सुटून हातात येतं. पहिलं कवच नंदूने भर पावसाळ्यात घातलं. आमच्याकडच्या पावसाळ्यात मीठ कोरडं राहत नाही, तिथे रेझिन काय सुकणार? ते चिकट राहिलं. गाडीला असा वास की शाळेतल्या बाई माझ्याबरोबर यायच्या बंद झाल्या. दुसरं कवच खणखणीत झालं, पण स्टेपनीच्या झाकणावर चढलं. आणि चाक पंक्चर कुठे व्हावं? चौकच्या रस्त्यावर, मी एकटी असताना. स्टेपनी आत सुखरूप, वर नंदूचं कवच. एका टेंपोवाल्याने माझी दया येऊन पंक्चर काढून आणलं. नंदूला फोन केला तर म्हणतो, "म्हंजे घट बसलंय ना? मंग झ्याक!"

तिसरं जमलं. पुढची बाजू करायला स्पीकरच्या मापाचं लाकडी कडं उभं करून त्यावरून कापड ताणायचं असतं आणि ते कापड रेझिनने भिजवायचं. नंदूला ताणलं जाणारं कापड हवं होतं. संगीता काही देईना. मग माझ्या कपाटातली शाल काढली, शिक्षकदिनाच्या सत्कारातली. अशा शाली माझ्याकडे ढिगाने आहेत, एकही पांघरण्याच्या लायकीची नाही. मी म्हटलं, "घे. नारळ मी खाल्ला, शालीचा तू डबा कर." ती शाल ताणून कडक झाली तेव्हा तिचे जरीचे काठ फायबरमधून दिसत होते. नंदू लहान मुलासारखा हसला होता. "ताई, तुजा सत्कार आता फुटायचा नाय."

पण हवा गळत होती. लाकडी कडं आणि स्पीकर यांच्यामध्ये फट राहिली होती. डब्यातली हवा कोंडली नाही तर खोल आवाज येत नाही, हे त्यानेच मला समजावलं होतं. रबरी पट्टी आणायची तर कर्जतला जायला हवं, आणि याला तर लगेच ऐकायचं होतं. फोन केला, "ताई, येताना कनीक मळून आन. अण्णांची मळायचीस तशी." मला वाटलं, पखवाज बाहेर काढला असेल. मी घेऊन गेले, तर त्याने ती कड्याभोवती अंगठ्याने दाबत दाबत बसवली आणि वर स्पीकर आवळला.

झालं. आठवडा गेला नाही तोच गाडीत मुंग्यांची रांग. मग उंदीर आला. कणीक खाऊन तृप्त झाला असता तर एक वेळ सोडलं असतं, पण त्याने मागच्या दिव्याची वायरही खाल्ली. अण्णांच्या पखवाजाचं काय झालं ते याने डोळ्यांनी पाहिलेलं. तरी त्याने तीच चूक माझ्या डिकीत करावी? मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या गॅरेजमधला हातोडा थांबला. त्याने कानाची पाळी धरली. "आता कनीक नाय. रबर लावतो. अण्णांची शपथ."

त्याच सुमारास त्याला धाप लागायला लागली होती. जिना चढताना थांबायचा. डॉक्टरांनी पनवेलला जायला सांगितलं. संगीता सांगून थकली, मी सांगून थकले. "डबा झाला की जातो." मग मी न राहवून सरळच बोलले. "नंदू, तो आवाज टेपमध्ये नाही. तू सोन्याचा डबा केलास तरी नाही. जे नाही ते कुठून येईल?" तो पॉलिश पेपरने काठ घासत होता. घासायचं थांबला नाही. म्हणाला, "तू मोटी होतीस ताई, तुला आठवतंय सगळं. मला फकस्त आवाज आठवतो. पखवाज वाजवतानाचं त्यांचं तोंडबी मला फोटूतनंच म्हाईत झाल्यागत वाटतंय." मग काठावरची भुकटी फुंकून म्हणाला, "एवडा रविवार दे. आता फकस्त घासायचं राह्यलंय."

मी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि रिक्षा धरून खालापूरला परत आले. ही आमची शेवटची भेट. भांडणही नाही आणि समेटही नाही... नेहमीसारखीच, अर्धवट.

बाराव्यानंतर गाडी आणायला दहिवलीला गेले. शेडमध्ये एक धबधबा अर्धा रंगवून पडला होता. डिकीत डबा बसवलेला होता. स्टेपनी मोकळी, माझं सामान मावेल एवढी जागा, जसं म्हणाला होता तसंच. पण डबा घासायचा राहिला होता. हात लावला की फायबरची कुसं टोचत होती. खालापूरपर्यंत मी पेनड्राइव्ह लावला नाही. हिंमत झाली नाही असं म्हणा, नाहीतर राग म्हणा. मग रोज डिकी उघडायची, तो डबा दिसायचा, आणि दिवसाची सुरुवातच चिडून व्हायची. एक दिवस ठरवलं, काढून टाकायचा. खालापूरला गाड्यांचं सामान बसवणारा एक फिटर आहे, त्याच्याकडे गेले. म्हटलं, "हे सगळं काढ. डिकी मोकळी कर."

त्याने स्क्रू काढून स्पीकर बाहेर घेतला आणि म्हणाला, "मॅडम, हे काय भरलंय?"

कड्याभोवती कणीक होती. वाळून कडक झालेली, आणि तिच्यावर ओळीने नंदूच्या अंगठ्याचे ठसे. अण्णांची शपथ घेऊन! रबर लावतो म्हणाला होता! मला काय झालं कळलं नाही, मी त्या डब्यावर सणसणीत चापट मारली. माझ्या भावाच्या पाठीत मारावी तशी. हाताला कुसं टोचली. आवाज आला ठप्प. कोरडा, कणीक न लावलेल्या पखवाजाचा येतो तसा.

मी बघितलं तर फिटरने बोलता बोलता स्क्रूड्रायव्हरने निम्मी कणीक खरवडून टाकली होती. "थांब," मी ओरडले. तो बिचारा दचकला. मी शेजारच्या वाण्याकडून गव्हाचं पीठ आणलं, फिटरच्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि त्याच्या बाकड्यावर कागद पसरून कणीक मळली. सैल नाही, घट्ट नाही. हाताला माप आठवत होतं. जिथली कणीक त्याने काढली होती तेवढ्या जागेत मी ती अंगठ्याने दाबत गेले, नंदूचे ठसे संपत होते तिथून पुढे. मग डोळ्यांतून जे यायचं राहिलं होतं ते आलं, भर दुकानात.

"मॅडम," फिटर हळूच म्हणाला, "मुंग्या लागतील हो."

"लागू देत. बसव स्पीकर."

पेनड्राइव्ह लावला. टाळ आले, पेटी आली, म्हातारे आले. उजवा हात आला. डावा हात आला नाही. मी सांगत होते तेच खरं होतं, आणि ते आता कुणाला सांगू?

डबा डिकीतच आहे. फक्त घासायचा राहिलाय. काल भाजी ठेवायला डिकी उघडली तर कड्याभोवती मुंग्यांची बारीक रांग लागली होती. फडकं हातात होतं, ते मी परत ठेवून दिलं.