बँकेची लिफ्ट आणि भूपेंद्रसाहेब

जळगावातल्या त्या सात मजली बँकेत आमच्या ह्यांनी, हिलालभाऊंनी, एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. पितळी दांडा उजवीकडे केला की वर, डावीकडे केला की खाली. जाळीचं गेट बोटभर जरी सरकलं, तरी लिफ्ट जागच्या जागी थांबायची. हे झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं. धीर नव्हता तो मॅनेजर भूपेंद्रला. एकदा मुंबईचे मोठे साहेब सोबत असताना मेल्यानं मजला यायच्या आधीच गेट ओढलं, ते वाकडं होऊन अडकलं, अन् सगळे पाऊण तास मधेच लटकले. बाहेर आल्यावर खुशाल म्हणाला, "लिफ्टवाला प्यायलेला आहे."

माझा नवरा सुपारीसुद्धा खात नाही हो! नोकरी तर गेलीच, पण बातमी यावलला, आमच्या किरणच्या होणाऱ्या सासरी, पोचली अन् त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. म्हणे, दारुड्याची पोर नको. आठवडाभर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हापासून मी भूपेंद्रला रोज शिव्या घालते. एखाद्या दिवशी देवपूजा चुकेल, हे चुकत नाही.

पुढे बँक उठली, रोनकशेठनं तिथं हॉटेल काढलं. जुनी लिफ्ट शोभेला ठेवली, पण चालवणारा मिळेना. झक मारत ह्यांनाच बोलावलं.

गेल्या वैशाखात वर गच्चीवर भूपेंद्रच्या नातीचा साखरपुडा होता. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, जिना चढवेना. लिफ्टमध्ये शेजारी धुळ्याचे नवे व्याही. चौथा मजला गेला अन् ह्यांनी गेट बोटभर सरकवलं.

"साहेब, त्या दिवशी मी प्यायलो होतो का?"

मुहूर्त टळत होता. शेवटी भूपेंद्र म्हणाला, "नाही. गेट मीच ओढलं होतं."

"हाई खरं शे का?" व्याह्यांच्या तोंडून अहिराणीच निघाली. भूपेंद्रनं मान खाली घातली. तसे व्याही ह्यांना म्हणाले, "भाऊ, लिफ्ट खाली घ्या. असल्या घरची सोयरीक नको आम्हाला."

ह्यांच्या तोंडून हे ऐकताना माझं काळीज कसं गार झालं म्हणून सांगू!

पण ह्यांनी हात जोडले. "आबा, पोरीचा काय दोष?" व्याह्यांनी मान हलवली. ह्यांनी गेट लावलं, लिफ्ट वर नेली. साखरपुडा पार पडला. अन् घरी येऊन मला वर तोंड करून सांगतात!

"मग आपल्या किरणचा काय दोष होता?" मी विचारलं.

हे ताट पुढ्यात घेऊन बसले होते. मी वाढलं नाही.